वीस, छप्पन्न, वीस

ऑफिसात सगळे त्यांना बेरीजकाका म्हणत. हे नाव कुणी प्रेमाने घेई, कुणी खोडसाळपणाने, पण काका ते पदवीसारखं मिरवत. एकतीस वर्षं ते बांधकाम खात्यात तपासनीस होते. बाहेरच्या डिझाइनवाल्यांची आकडेमोड त्यांच्या टेबलावर यायची, आणि इमारत जमिनीवर उभी राहायच्या आधी कागदावर नीट उभी राहते की नाही, हे ते बघायचे. शेवटच्या पानावर त्यांचा एक विधी ठरलेला. प्रत्येक खांबाखाली जमीन जेवढा भार उचलते, ज्याला पुस्तकात आधाराची प्रतिक्रिया म्हणतात, ते आकडे खालोखाल मांडायचे, त्यांची बेरीज करायची, आणि ती वरून येणाऱ्या एकूण भाराएवढी आली की हिरव्या पेन्सिलीने खाली दोन रेघा मारायच्या. त्या रेघा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे कुणी काही विचारत नसे.

आता यात एक गोम होती, आणि ती काकांना ठाऊकच नव्हती असं म्हणवत नाही. एक बीम दोन खांबांवर नुसती टेकलेली असेल तर कोणत्या खांबावर किती भार, हे साध्या गणिताने निघतं. पण बीम आणि खांब एकसंध ओतलेले, खांब तीन, आणि तिघांचेही पाय जमिनीत घट्ट रोवलेले, अशी फ्रेम समोर आली की गणित अडून बसतं. अज्ञात आकडे नऊ आणि समतोलाची समीकरणं तीन. बेरीज जुळवणारी उत्तरं मग हवी तेवढी निघतात. त्यांतलं खरं कोणतं, हे फ्रेम किती वाकते आणि पायाखालची जमीन किती दबते यावरच ठरतं. कॉलेजात सरांनी फळा बडवून सांगितलं होतं, ‘‘बेरीज जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली, तर अजून तुम्हाला काहीच कळलेलं नाही!’’ काकांनी पहिलं वाक्य जन्मभर सांभाळलं. दुसरं वाटेत कुठेतरी सांडलं.

बस-आगाराच्या मोठ्या शेडचे कागद त्यांच्याकडे आले तेव्हाही वेगळं काही घडलं नाही. सात फ्रेमा, प्रत्येकीला तीन खांब, वर सलग स्लॅब. एका फ्रेमवर शहाण्णव टन भार. डिझाइनवाल्याने कडेच्या खांबांना वीस-वीस टन दिले होते आणि मधल्याला छप्पन्न. जमीन सगळीकडे सारखी टणक, असं त्याने धरलं होतं. वीस, छप्पन्न, वीस. बेरीज शहाण्णव. काकांनी दोन रेघा मारल्या आणि चहा मागवला.

ते काम ज्या कंत्राटदाराकडे गेलं, त्याचा मुकादम म्हणजे काकूंचा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा काकू सोळा वर्षांच्या होत्या आणि हा चारचा. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, मारून मुटकून शाळेत बसवणं, सगळं काकूंनी केलं. शेवटी शाळेनेच हात टेकले. तो गवंड्यांच्या हाताखाली लागला आणि चाळिशीत मुकादम झाला. साइटवर पन्नास माणसांवर खेकसणारा हा गडी बहिणीच्या घरात मात्र खुर्चीच्या कडेवर बसायचा. काकांपुढे त्याचा आवाज निघत नसे. भाऊजी शिकलेले, भाऊजींची सही झाल्याशिवाय कुठली वीट हलत नाही, हे तो आपल्या माणसांना अभिमानाने सांगत असे.

एका रविवारी तो जेवायला आला होता. जेवणं झाली, काकू वरच्या मजल्यावर शेजारणीची परात परत द्यायला गेल्या. तेवढ्यात त्याने विषय काढला.

‘‘भाऊजी, एक विचारू? तिसऱ्या फ्रेमचा मधला खड्डा मला काही बरा वाटेना.’’

‘‘का? काय झालं त्याला?’’

‘‘बाकीच्या खड्ड्यांत पहार मारली की खणखणते. इथे सळई नुसती हाताने दाबली तरी वीतभर आत जाते. पूर्वी तिथे पाण्याचं टाकं होतं म्हणे, बुजवलेलं. अजून खोल जाऊ का? का तुमच्या ऑफिसला चिठ्ठी पाठवू?’’

काकांचं पोट भरलेलं होतं, डोळे जडावले होते, आणि समोर असा माणूस होता ज्याला आपला शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की भल्याभल्यांची अक्कल गुंडाळली जाते. त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, खिशातली हिरवी पेन्सिल काढली आणि आकडे लिहिले.

‘‘हे बघ. वीस, छप्पन्न, वीस. किती झाले?’’

मुकादमाने बोटं मोजली. ‘‘शहाण्णव.’’

‘‘आणि वरून येतात शहाण्णव. जुळलं ना?’’ काकांनी दोन रेघा ओढल्या. ‘‘मग भर बिनधास्त. चिठ्ठ्या पाठवशील तर काम चार महिने भिजत पडेल आणि तुझा मालक तुझ्याच नावाने शंख करेल.’’

मुकादमाने तो कपटा घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने खड्डा भरला.

शेड अकरा महिने उभी राहिली. बाराव्या महिन्यात, एका मंगळवारी भर दुपारी, तिसऱ्या फ्रेमची बीम मधल्या खांबापाशी खालून उकलली आणि स्लॅबचा तेवढा भाग खाली आला. तिकीट-खिडकीवरची बाई जेवणाचा डबा उघडून बसली होती, ती गेली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, ते गेले. बस उशिरा आल्यामुळे बाकीचे चाळीस जण उन्हात जाऊन वाहकाशी भांडत होते, ते वाचले.

चौथ्या दिवशी मुकादमाला पकडलं. ढिगाऱ्यातून काँक्रीटचे नऊ तुकडे तपासायला नेले होते, त्यांतले तीन कच्चे निघाले. म्हणजे पाणी जास्त घातलं, म्हणजे मुकादमाची हयगय. कुठल्याही इमारतीचे नऊ तुकडे काढा, दोन-तीन थोडे कच्चे निघतातच, पण हे कोण कुणाला सांगणार? दोन माणसं मेली होती आणि लोकांना एक चेहरा हवा होता. मुकादमाचा चेहरा त्यासाठी फार सोयीचा होता. ऑफिसात मात्र काकांच्या पाठीवर थापा पडल्या. ‘‘सुटलात, काका! चौकशीवाल्यांनी तुमची तपासणी बघितली. काटेकोर म्हणाले.’’

काकूंनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘‘तुमचा शब्द मानतात ना तिथे? मग टाका शब्द. तो असं करणार नाही हो. लहानपणी दुधात पाणी घातलेलं त्याला चालायचं नाही, तो काँक्रीटमध्ये घालेल?’’

काकांनी त्या सकाळी ऑफिसला दांडी मारली आणि जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरले. एकतीस वर्षांत जे दुसऱ्यांकडून करून घेतलं ते स्वतः करायला बसले. मधला आधार मनातल्या मनात काढून टाकला. फ्रेम किती लोंबते ते काढलं. ती पुन्हा जागेवर उचलायला खालून किती जोर लागेल ते काढलं. छप्पन्न आले, म्हणजे डिझाइनवाला चुकलेला नव्हता. मग त्यांनी तो आधार पूर्ण जागेवर न आणता दोन बोटं खाली सोडून दिला, जसा तो बुजवलेल्या टाक्यावर खचला असेल तसा, आणि सगळं पुन्हा सोडवलं. दुपार झाली. काकूंनी समोर ठेवलेल्या चहावर साय धरली.

उत्तर आलं चौतीस, अठ्ठावीस, चौतीस.

मधल्या खांबाने अंग काढून घेतलं होतं आणि त्याचा भार मुकाट्याने कडेच्या दोघांकडे गेला होता. मधल्या खांबावर बीमच्या सळया वरच्या अंगाला होत्या, कारण ताण तिथे येणार असं गृहीत होतं. खांब खचल्यावर ताण आला खालच्या अंगाला, आणि तिथे सळया नावालाच होत्या. काकांनी तिन्ही आकडे खालोखाल लिहिले आणि बेरीज केली. शहाण्णव. त्यांचा हात आपोआप खिशातल्या हिरव्या पेन्सिलीकडे गेला, आणि पेन्सिल कागदाला टेकायच्या आत त्यांनी ती दूर फेकून दिली. दोन माणसं त्यांनी मारली होती. मेहुण्याला त्यांनी आत पाठवलं होतं. हे त्यांनी स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं, आणि ते खरं वाटलं.

काकांनी चौकशी समितीकडे अर्ज करून वेळ मागून घेतली. चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पंखा, आणि तीन माणसं होती. अध्यक्ष, एक कारकून, आणि तांत्रिक तज्ज्ञ. हा तज्ज्ञ एके काळी चार वर्षं काकांच्या हाताखाली होता. काकांना बघून तो अर्धवट उठला.

काकांनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली आणि तीन आगपेट्या. आगपेट्या एका रांगेत ठेवून वर पट्टी आडवी ठेवली आणि मधोमध बोट दाबून धरलं. ‘‘मधल्या पेटीखाली मऊ जमीन आहे असं समजा,’’ म्हणत त्यांनी मधली पेटी हलकेच बाजूला सरकवली. पट्टी मध्ये वाकली. ‘‘भार तेवढाच आहे. पट्टी पडलेलीसुद्धा नाही. पण आता कडेच्या पेट्या वेगळंच ओझं वाहताहेत, आणि पट्टी भलतीकडेच ताणली गेलीय. मुकादमाने मला ही मऊ जमीन दाखवून दिली होती. माझ्या घरी, रविवारी. मी त्याला भर म्हणून सांगितलं. चूक काँक्रीटची नाही. माझी आहे.’’

अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘‘मुकादम आपले कोण?’’

‘‘मेहुणा.’’

‘‘हं.’’ त्या एका हुंकारात सगळं आलं. ‘‘हे बोलणं झालं तेव्हा तिसरं कुणी हजर होतं?’’

‘‘नाही. पण त्याला विचारा. मी आकडे लिहून दिले होते, तो कागदही त्याच्याकडे असेल.’’

‘‘विचारलंय,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘आपला अर्ज आला त्याच दिवशी विचारलं. तो म्हणतो, असं काही बोलणं झालंच नाही. खड्डा टणक होता, कागद वगैरे काही नाही.’’

काकांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. ते तज्ज्ञाकडे वळले. ‘‘तू सांग यांना. तुला कळतंय मी काय म्हणतोय ते. आधार खचला की आकडे बदलतात. पायाच खणून बघा ना एकदा.’’

‘‘सर, तिथे आता काय उरलंय? ढिगारा उचलताना पायेसुद्धा उपटून नेले. तुम्ही म्हणता ते शक्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण शक्य असणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे.’’ तज्ज्ञाने समोरची फाइल उघडून काकांकडे फिरवली. शेवटचं पान. वीस, छप्पन्न, वीस, आणि खाली दोन हिरव्या रेघा. तो अदबीने म्हणाला, ‘‘आणि बेरीज तर जुळतेय, सर. तुम्हीच आम्हाला शिकवलंत.’’

अध्यक्षांचा आवाज मऊ झाला. ‘‘घरच्या माणसासाठी जीव तुटतो, मी समजू शकतो. आपली सेवा निष्कलंक आहे. ही गोष्ट मी नोंदीत घेत नाही. त्या आगपेट्या तेवढ्या उचला.’’

काका खरं बोलले होते आणि समोरच्यांनी त्यांच्यावर दया करून ते खोटं ठरवलं होतं. खोटं बोलताना पकडला गेलेला माणूस निदान रागावू तरी शकतो. काकांना तेही जमेना. तीन आगपेट्या खिशात घालून ते जिना उतरले.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मध्ये जाळी होती आणि दोन्हीकडे लोखंडी स्टुलं. मुकादम वाळला होता. काका दिसताच तो सवयीने उभा राहिला.

‘‘बस रे, बस. बोलणं झालंच नाही, असं का सांगितलंस त्यांना? आपलं बोलणं झालं होतं ना?’’

‘‘झालं होतं.’’

‘‘मग?’’

मुकादमाने मागे शिपायाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘भाऊजी, मी तर अडकलोच. काँक्रीटचं खापर माझ्यावर फुटलंच आहे. त्यात तुमचं नाव घेतलं असतं तर मी सुटलो नसतो, तुम्ही आत आला असता एवढंच. मग ताईकडे कोण बघणार? तिने मला वाढवलं, आणि मी तिचा नवरा आत घालू?’’

‘‘अरे, पण चूक माझी होती! मधला पाया खचला म्हणून झालं हे सगळं. मी आता गणित सोडवलंय. भार कडेला सरकतो, आणि...’’

‘‘ते मला माहितीय,’’ मुकादम म्हणाला.

‘‘तुला? गणिताशिवाय?’’

‘‘त्याला गणित कशाला हवं? मोठ्या बाकाचा मधला पाय आखूड झाला की माणसं कडेच्या पायांवर बसतात आणि फळी मध्ये करकरते. आम्ही खाली कागदाची घडी घालतो.’’ तो जाळीतून काकांकडे न बघता बोलत होता. ‘‘खड्डा भरताना मला कळत होतं. पण तुम्ही लिहून दिलं होतं ना. म्हटलं, माझी अक्कल ती केवढी. भाऊजींनी रेघ मारलीय.’’

‘‘तो कागद कुठाय?’’

‘‘शेड पडली त्याच संध्याकाळी जाळला.’’

काका रडले. एकतीस वर्षं नोकरी केलेला, केस पांढरे झालेला माणूस लोखंडी स्टुलावर बसून पोरासारखा रडला, आणि जाळीपलीकडून मेहुणा त्याला समजावत राहिला. ‘‘असू द्या, भाऊजी. असू द्या.’’ मग, वेळ संपत आली तेव्हा, त्याने उरलेलं सांगितलं. सकाळीच त्याने कबुली लिहून दिली होती. पाणी जास्त घातलं, माझी हयगय झाली. वकील म्हणाला, कबूल केलंस तर सात वर्षं, नाहीतर चौदा. सही करून झाली होती.

‘‘मी पुन्हा जातो. वर जातो. मोठ्या कोर्टात जातो,’’ काका म्हणाले.

‘‘कुणाला सांगणार? मी कबूल केलंय.’’ मुकादम उठला. ‘‘आणि ताईला नका सांगू हे. भाऊ गेला तेवढं पुरे तिला.’’

काका घरी पायी आले. बसने जायचं तर आगारापाशी उतरावं लागलं असतं. वाटेत त्यांनी ठरवलं की या एका बाबतीत मेहुण्याचं ऐकायचं नाही. जगात निदान एका माणसाला तरी खरं कळायला हवं. त्या माणसाने त्यांना घराबाहेर काढलं तरी चालेल, थोबाडीत मारलं तरी चालेल, उलट तेच बरं होईल. कुणीतरी एकदा त्यांना शिक्षा करायला हवी होती.

काकू दारातच उभ्या होत्या. शेजारणीच्या मुलाने बातमी वाचून दाखवली होती. संध्याकाळच्या पेपरात मुकादमाची कबुली छापून आली होती.

‘‘त्यानेच लिहून दिलं म्हणे,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. ‘‘पाणी घातलं म्हणून.’’

‘‘खोटं आहे ते. आत चल, बस. मी सांगतो.’’ आणि काकांनी सगळं सांगितलं. परात, रविवार, मऊ जमीन, वर्तमानपत्राचा कोपरा, वीस, छप्पन्न, वीस. मग चौतीस, अठ्ठावीस, चौतीस. फूटपट्टी आणि आगपेट्या टेबलावर मांडून दाखवल्या. मधली पेटी काढली. काहीही हातचं राखलं नाही. ‘‘त्याने मला विचारलं होतं गं. मी भर म्हणालो. त्या दोघांना मी मारलं, आणि तुझ्या भावाला मी आत घातलं.’’

काकूंनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी हात पुढे केला. काकांनी डोळे मिटून घेतले. पण तो हात त्यांच्या केसांवरून फिरला, जसा तो एके काळी चार वर्षांच्या भावाच्या केसांवरून फिरत असेल तसा.

‘‘किती चांगले आहात हो तुम्ही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. तिकडे चौकशीतही असंच सांगितलंत ना? त्यांनी ऐकलं नाही, मी तरी कशी ऐकेन? मीच वाढवलं त्याला. माझंच कुठेतरी चुकलं असणार.’’

‘‘अगं, खरंच सांगतोय मी. देवाशप्पथ.’’

‘‘पुरे आता.’’ त्यांनी तीनही आगपेट्या उचलल्या, एक स्वयंपाकघरासाठी पदरात ठेवली आणि दोन त्यांच्यापुढे सरकवल्या. ‘‘जन्म गेला तुमच्याबरोबर, मला माहीत नाही का? एकदा तरी चुकलीय का तुमची बेरीज?’’

बेरीज चुकली नव्हतीच.